विमानाने जाऊन शिकलेली काटकसर

पर्यावरण शिकायला पोरांना विमानात घालून युरोपला न्यायचं, ही कल्पना ज्यांनी पहिल्यांदा मांडली त्यांना स्वतःलाच हसू कसं आलं नाही, याचं मला नवल वाटतं. उपास शिकायला खानावळीत पाठवण्यासारखं आहे हे. पण आमच्या बेळगावात सध्या कुणी हसत नाही. उलट ज्यांची मुलं जातात ते पेढे वाटतात, आणि ज्यांची जात नाहीत ते कर्जाची चौकशी करतात.

आमच्या घरातलीच गोष्ट सांगते. माझ्या धाकट्या दिरांची मुलगी नववीत आहे. शाळेचं नाव लिहीत नाही. लिहिण्याची गरजही नाही, कारण अशा शाळा आता गावोगाव झाल्यात. पालकसभेत सांगण्यात आलं की जर्मनीतल्या एका शाळेशी 'हवामान जागृती आणि शाश्वत जीवनशैली' या विषयावर देवाणघेवाण ठरली आहे. आपली मुलं बारा दिवस तिकडे, मग त्यांची मुलं बारा दिवस इकडे. खर्च माणशी दोन लाख ऐंशी हजार. वर्गात सेहेचाळीस मुलं, त्यातली चौदा गेली. राहिलेल्या बत्तीस जणांच्या वाट्याला चार्टपेपरवर पृथ्वीचं चित्र काढून तिच्या तोंडात थर्मामीटर घालायचं काम आलं.

मी बी.ए. मराठीवाली, विज्ञान माझा प्रांत नाही. पण वाण्याची खातेवही वाचता येते. मुंबई ते फ्रँकफर्ट साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास. साध्या वर्गाच्या सीटवर बसून जाऊन-येऊन एका माणसामागे ढोबळ एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारतातल्या माणसाची वर्षाची सरासरी सगळी मिळून दोन टनांच्या घरात आहे. चूल, दिवा, गाडी, कारखाने, सगळं त्यात आलं. म्हणजे आमच्या पोरीनं 'पृथ्वी वाचवा' म्हणायला जाताना सहा महिन्यांचा हिस्सा दोन प्रवासांत उडवला. चौदा मुलं, दोन शिक्षक. सोळा टन.

हे मी सभेत बोलले तेव्हा उत्तर तयार होतं. "आपण झाडं लावणार आहोत, मॅडम." लावली. जुलैत लावली, फोटो निघाला. मोठं वाढलेलं झाड वर्षाला वीस-पंचवीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असा ढोबळ हिशोब सांगतात. म्हणजे एका मुलाच्या एका सहलीसाठी चाळीसेक वाढलेली झाडं वर्षभर राबायला हवीत. शाळेनं सगळ्यांची मिळून पंचवीस रोपं लावली आणि एप्रिलमध्ये त्यांना पाणी घालायला कुणी नव्हतं. मे महिन्यात मी मुद्दाम बघून आले. चार उभी होती, त्यातलं एक शेजारच्या चहावाल्यानं जगवलेलं.

आता तुम्ही म्हणाल, बाईला परदेशाचं वावडं आहे. मुळीच नाही. एका देशाच्या मुलानं दुसऱ्या देशातल्या घरी जाऊन राहावं, यामागचा मूळ विचार फार मोलाचा आहे. 'एएफएस' ही संस्था युद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या रुग्णवाहिकांच्या स्वयंसेवकांची. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांनीच 1947 पासून शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली. ज्यांनी माणसं मरताना बघितली त्यांना वाटलं, पोरं एकमेकांच्या घरी जेवली तर उद्या एकमेकांवर गोळ्या झाडताना हात अडखळेल. युरोपातला 'इरॅस्मस' 1987 चा, तोही त्याच मातीतला. जर्मन भाषा शिकायला पाठवा, बीथोव्हन ऐकायला पाठवा, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखं कसं वागावं हे शिकायला पाठवा. मी स्टेशनवर सोडायला येईन, सोबत लाडूचा डबा देईन. माझं भांडण पाटीशी आहे. सहलीला सहल म्हणा. तिच्यावर हवामानाची पाटी लावून पुण्य पदरात पाडून घेऊ नका.

आमच्या सासूबाईंनी दिग्व्रत घेतलं होतं. जैनेतर वाचकांसाठी सांगते: श्रावकानं आपल्या जाण्यायेण्याला दाही दिशांना मर्यादा घालून घ्यायची, तिच्या पलीकडे जायचं नाही, पलीकडून काही मागवायचं नाही. सासूबाईंची हद्द उत्तरेकडं-पूर्वेकडं शिखरजी, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, पश्चिमेला समुद्र. आम्ही सुना हसायचो. त्या म्हणायच्या, "त्या रेघेच्या पलीकडं माझ्या हातनं कुणाचं वाईट होणार नाही, एवढं तरी पक्कं की नाही?" सातवी शिकलेली बाई. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंड सांगितलेत, त्यात विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, वनस्पती तोडणं हे सगळं पाप म्हणून मोजलंय. शेकडो वर्षांपूर्वी. हे शिकायला कोणता व्हिसा लागतो?

पण हा मुद्दा मांडून मी आमच्या समाजाची पाठ थोपटणार नाही. दिग्व्रताची पोथी वाचणारे आम्हीच पंचकल्याणकाच्या मांडवात हेलिकॉप्टरमधून फुलं उधळतो आणि जेवणावळीनंतर प्लास्टिकच्या पेल्यांचा डोंगर मंदिरामागच्या ओढ्यात ढकलतो. मुनिमहाराज पावसाळ्यात जीवजंतू पायाखाली येतात म्हणून चार महिने एका गावी थांबतात, आणि त्यांच्या दर्शनाला रोज चाळीस गाड्या धूर सोडत येतात. घरातल्या लबाडीवर बोलल्याशिवाय शाळेच्या लबाडीवर बोलायचा हक्क मिळत नाही, म्हणून हे लिहिलं. पुढं जाते.

तर पोरं काय शिकून आली? मी पुतणीला समोर बसवून विचारलं. म्हणाली, "काकू, तिकडं कचऱ्याला चार-पाच वेगवेगळे डबे असतात. आणि बाटली परत दिली की पंचवीस सेंट मिळतात." बाटलीचं खरं आहे. जर्मनीनं 2003 पासून एकदा वापरायच्या बाटल्या-डब्यांवर अनामत ठेवलीय, आणि चांगलंच केलंय. पण पोरीच्या डोळ्यांतलं आश्चर्य बघून मला कसंतरीच झालं. अगं बाळे, गोटीसोड्याची बाटली दुकानातून घरी न्यायची तर तुझ्या आजोबांनाही पैसे ठेवावे लागायचे! तेलाचा डबा, दुधाची बाटली, रद्दी, सगळ्याला मोल होतं. जुन्या लुगड्याची वाकळ व्हायची, वाकळीचं पायपुसणं, पायपुसण्याची शेवटी चिंधी. भंगारवाला दारावरून हाक देत जातो त्याला ही पोरं खिडकीतून नाक मुरडतात आणि तेच काम जर्मन यंत्र करतं तेव्हा त्याचं प्रेझेंटेशन करतात. त्या प्रेझेंटेशनच्या दिवशी शाळेनं पालकांना नाश्ता दिला, थर्माकोलच्या ताटलीत.

मग तिकडची मुलं आली. त्यांच्या स्वागताला परिसर-स्वच्छता ठेवली होती. मैदान शाळेतल्या मावश्यांनी पहाटेच झाडून ठेवलेलं. पाहुण्यांना उचलायला काही उरलं नाही म्हणून एका शिक्षकांनी कोपऱ्यातली पानं परत पसरायला लावली! मावश्यांनीच सांगितलं मला, हसून हसून. केळीच्या पानावर जेवण, शेजारी प्रत्येकाला सीलबंद पाण्याची बाटली. मग एसी बस करून चोर्ला घाटातून गोव्याचा समुद्र.

आमच्याकडे उतरलेली मुलगी मात्र चौकस होती. पंधरा वर्षांची, शाकाहारी, उंच. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं म्हणून मी घागरी, बादल्या, पातेली भरायला लागले. ती बघत उभी राहिली आणि तिनं पुतणीला विचारलं, "हे पाणी कुठून येतं?" आमची पोरगी म्हणाली, "टाकीतून." "टाकीत कुठून?" गप्प. राकसकोप धरण तिनं कधी पाहिलेलं नाही, हिडकल नुसतं ऐकलेलं. आपल्या गावाला पाणी पाजणारी मार्कंडेय नदी कोणती हे तिला माहीत नाही; ऱ्हाइन नदीवर मात्र तिनं बोटीतून फोटो काढलेत. त्या बारा-बारा दिवसांच्या दोन्ही फेऱ्यांत हवामानावरचा खरा प्रश्न एकच विचारला गेला, आमच्या मोरीपाशी, आणि तो वेळापत्रकात नव्हता.

ज्या चोर्ला रस्त्यानं ती बस गेली त्याच रस्त्यावर कणकुंबी लागतं. खानापूर तालुका, आपल्याच जिल्ह्यातला. म्हादई याच तालुक्यात उगम पावते आणि गोव्यात जाऊन मांडवी होते. तिच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा कितीतरी वर्षं भांडतायत. लवादानं 2018 च्या ऑगस्टमध्ये निवाडा दिला, त्यात कर्नाटकाला 13.42 टीएमसी पाणी आलं आणि भांडण तरी मिटलं नाही. आमच्याकडं हुबळी-धारवाडच्या तहानेच्या गोष्टी, तिकडं मांडवी खारट होईल आणि अभयारण्य सुकेल याची भीती. दोन्हीकडचं खरं आहे, म्हणून तर ते अवघड आहे. बस कणकुंबीला थांबली नाही. वाळपईच्या शाळेतही गेली नाही.

माझं मागणं साधं आहे. देवाणघेवाण करायची तर एका नदीवरच्या पोरांची करा. खानापूरची मुलं चार दिवस सत्तरीत राहू देत, सत्तरीची खानापुरात. चिकोडीची शिरोळला, शिरोळची चिकोडीला. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेनं राज्याची सीमा बघितली नाही. नृसिंहवाडी, कुरुंदवाड बुडालं तसं कल्लोळ-यडूरही बुडालं. पण शिरोळातलं पोर घरात काय ऐकतं? आलमट्टीच्या फुगवट्यानं बुडालो, कर्नाटकानं बुडवलं. आणि चिकोडीतलं पोर? कोयनेतून पाणी सोडलं, महाराष्ट्रानं बुडवलं. आता तर आलमट्टीची उंची 519.6 मीटरवरून 524.256 करायची म्हणून पुन्हा वाद पेटलाय. उद्या या पोरांतलीच कुणी इंजिनियर होतील, कुणी आमदार. एकमेकांच्या घरातल्या भिंतीवरची पुराची ओली रेघ त्यांनी पाहिलेलीच नसेल, आणि ती कोर्टात नकाशे पसरून बसतील. रुग्णवाहिकावाल्यांना जे फ्रान्स-जर्मनीच्या बाबतीत वाटलं, ते शिरोळ-चिकोडीच्या बाबतीत कुणाला वाटू नये?

भाषेची अडचण येईल म्हणतात. जर्मनीत आली नाही ती चिकोडीत येणार! आम्ही सीमाभागातले मराठी लोक कानडी पाटी बघून तोंड फिरवायला पोरांना शिकवतो, तिकडचेही तेच करतात. पोरांना जर्मन 'गुटन मॉर्गन' तीन दिवसांत येतं, शेजारच्या घरातलं 'नीरु' म्हणजे पाणी हे नववीपर्यंत येत नाही.

सुप्रीम कोर्टानं 1991 मध्ये एम. सी. मेहतांच्या खटल्यात पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. त्याचं शाळांनी एक पुस्तक केलं आणि पुस्तकाच्या रिकाम्या जागा केल्या, त्यावर जास्त लिहीत नाही. परदेशी मुलांशी बोलायचंच असेल तर संगणक आहेत; युरोपातल्या शाळा 'ई-ट्विनिंग'वर 2005 पासून घरबसल्या एकत्र प्रकल्प करतायत. स्वीडनच्या त्या ग्रेटा थुनबर्गनं 2019 मध्ये विमान नाकारलं आणि शिडाच्या होडीतून पंधरा दिवसांत अटलांटिक ओलांडला. तिच्या भाषेत विमानप्रवासाच्या लाजेला स्वतंत्र शब्द झाला. आमच्या शाळेच्या भिंतीवर तिचा मोठा फोटो आहे. त्याच्याखालीच पोरं पासपोर्टची झेरॉक्स द्यायला रांगेत उभी होती.

हे सगळं मी मुख्याध्यापिकाबाईंना शांतपणे जाऊन सांगितलं. बाई वाईट नाहीत. ऐकून घेतलं, चहा पाजला. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमचं पटतंय हो. पण खानापूर-सत्तरीच्या सर्टिफिकेटला पुढं ॲडमिशनला कोण विचारणार? पालकच पाठवणार नाहीत." म्हणजे खरं उत्तर मिळालं. हवामान हे निमित्त, परदेशी कॉलेजच्या अर्जातली एक ओळ हा माल. दोन लाख ऐंशी हजारांना ती ओळ विकली जाते आणि घेणारे आपणच आहोत, आई, वडील, काका, काकू, आजोबांच्या एफ.डी.सकट.

तरी मी लेखी अर्ज दिलाय. यंदा पावसाळा संपल्यावर नववीच्या सेहेचाळीसच्या सेहेचाळीस मुलांना लाल बसनं कणकुंबीला न्यावं, तिथून वाळपईला, दोन मुक्काम शाळेतच. बेळगाव-कणकुंबी पन्नासेक किलोमीटर. बसचं भाडं मी आणि आमच्या महिला मंडळातल्या चौघीजणी भरायला तयार आहोत, सोबत दोन वेळच्या भाकरी आणि चटणी. अर्जाची पोच घेतलीय. उत्तर आलेलं नाही. पुढच्या वर्षीच्या जर्मनीच्या सहलीची नोटीस मात्र पुतणीच्या दप्तरातून सोमवारीच घरी आली.