जुन्या कॉम्प्युटरचा राऊटर करायचाय, पण लॅन पोर्ट एकच आहे? जमतं, पण एक अट आहे

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं इशारा दिला: ज्या राऊटरना कंपनीकडून अपडेट मिळत नाहीत, ते बदला. हॅकर्स अशा राऊटरमध्ये मालवेअर टाकतात आणि त्यांच्या आडून स्वतःची ओळख लपवतात.

त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानं हॅक झालेल्या शेकडो राऊटरचं जाळं मोडल्याचं जाहीर केलं होतं. चीन सरकारचा पाठिंबा असलेला 'व्होल्ट टायफून' गट ते वापरत होता, असा अमेरिकेचा आरोप आहे. त्यातले बहुतेक राऊटर सिस्को आणि नेटगियरचे होते आणि त्यांचे अपडेट थांबलेले होते.

दुसरीकडे, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ न चालणारे अनेक चांगले कॉम्प्युटर त्यामुळे अडगळीत गेले. मग त्यांचाच राऊटर केला तर? ओपनसेन्स, ओपनडब्ल्यूआरटी ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि त्यांना अपडेटही मिळत राहतात.

अडचण कुठे येते?

राऊटरला दोन बाजू लागतात. एक इंटरनेटची, दुसरी घरातल्या नेटवर्कची. साध्या कॉम्प्युटरला मात्र लॅन पोर्ट एकच असतो.

मग एका पोर्टवर कसं भागतं?

इथे व्हीलॅन कामाला येतं. सोसायटीला गेट एकच असलं तरी रहिवासी आणि पाहुण्यांना वेगळे पास देता येतात, तसंच हे. डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर नंबराचा टॅग लागतो. समजा १० म्हणजे इंटरनेट आणि २० म्हणजे घर. टॅग लावायचं आणि काढायचं काम करतो मॅनेज्ड स्विच. फायबरचा बॉक्स, घरातली उपकरणं आणि कॉम्प्युटर सगळे त्याच स्विचला जोडायचे. कॉम्प्युटर एकाच केबलवर दोन्ही टॅग ओळखतो आणि मधे फायरवॉल बनून बसतो. नेटवर्किंगमध्ये या जुन्या पद्धतीला 'राऊटर ऑन अ स्टिक' म्हणतात.

स्पीड निम्मा होतो का?

घरगुती वापरात सहसा नाही. गिगाबिट पोर्ट येताना १००० आणि जाताना १००० एमबीपीएस पेलतो. फक्त डाऊनलोड आणि अपलोड मिळून १००० ची मर्यादा पडते. तुमचं कनेक्शन १०० किंवा ३०० एमबीपीएसचं असेल, तर फरक जाणवणार नाही.

खरी चूक इथे होते

साधा स्विच लावून एकाच पोर्टला दोन आयपी ॲड्रेस दिले, तरी इंटरनेट चालू होतं. पण मग फायबरचा बॉक्स आणि घरातले फोन, कॅमेरे एकाच नेटवर्कवर येतात. कॉम्प्युटरला वळसा घालून डेटा जाऊ शकतो, म्हणजे फायरवॉल असून नसल्यासारखी. ज्या धोक्यासाठी हा खटाटोप केला, तो तसाच राहतो. म्हणून अट एकच: दोन्ही बाजू वेगळ्या हव्यात. मॅनेज्ड स्विच नको असेल, तर यूएसबी लॅन ॲडॅप्टर लावून दुसरा पोर्ट तयार करता येतो.

हिशोब काय सांगतो?

कॉम्प्युटर ५० वॅट घेत असेल, तर २४ तास चालून महिन्याला ३६ युनिट जळतात. १० वॅटच्या राऊटरला साधारण ७ युनिट पुरतात. शिवाय वायफायसाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट लागेल आणि फायबरचा बॉक्स कंपनीकडून ब्रिज मोडवर करून घ्यावा लागेल.

म्हणजे फुकटचा वाटणारा राऊटर वीजबिलातून वसूल होतो. शिकायची आवड असेल आणि कॉम्प्युटर कमी वीज खाणारा असेल, तर प्रयोग जरूर करा. नाहीतर अपडेट मिळणारा साधा राऊटर घेतलेला बरा.

यातलं काहीच करणार नसाल, तरी आज एवढं बघा: तुमच्या राऊटरला शेवटचा अपडेट कधी आला? सपोर्ट संपला असेल आणि लगेच बदलणं शक्य नसेल, तर सेटिंगमध्ये जाऊन 'रिमोट मॅनेजमेंट' बंद करा आणि राऊटर रीबूट करा. एफबीआयचा सल्लाही हाच आहे.