हत्तीवरचा फोटो पुरावा नव्हे



अमेरिकेतल्या दुभंगलेल्या राजकारणावर मागील अंकात आलेल्या पत्रात तिथल्या सर्वोच्च न्यायालयातील परस्परविरोधी मतांच्या न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग आणि न्या. अँटोनिन स्कालिया यांच्या मैत्रीचा दाखला आहे. ऑपेराचं वेड, १९९४ साली भारतात केलेली हत्तीची सवारी, सगळं गोडच. पण एका पंगतीला बसूनही लोक एकमेकांचं ऐकत नाहीत, हे आपल्याला का सांगायला हवं?

वजनदार दाखला १९९६चा आहे. व्हर्जिनियाच्या सरकारी सैनिकी संस्थेत मुलींनाही प्रवेश मिळावा, हा बहुमताचा निकाल गिन्सबर्ग लिहीत होत्या. विरोधात एकटे स्कालिया. त्यांनी आपल्या विरोधी मताचा कच्चा मसुदा इतरांआधी गिन्सबर्ग यांच्या हाती ठेवला, उत्तराला वेळ मिळावा म्हणून. मसुदा चांगलाच झोंबणारा होता. व्हर्जिनिया विद्यापीठाचं ‘शार्लट्सव्हिल संकुल’ असं काही नसतं, ही बारीक चूकही त्यात पकडली होती (मास्तरकी म्हणा हवं तर!). आपला शनिवार-रविवार नासला, पण निकाल भक्कम झाला, असं गिन्सबर्ग पुढे सांगत. मत दोघांपैकी कुणीच बदललं नाही. निकाल ७ विरुद्ध १.

तेव्हा विरोधकाचं वाचलं की कटुता सरेल, हा पत्रलेखकाचा आशावाद मला भाबडा वाटतो. स्कालियांना १९८६मध्ये सिनेटने ९८-० अशी मान्यता दिली. त्यांच्याच हाताखाली क्लर्क राहिलेल्या एमी कोनी बॅरेट यांना २०२०मध्ये ५२-४८. सिनेटरांचं वाचन घटलं म्हणून हे झालं का? २०१७पासून सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकांवरील चर्चा थांबवायला साधं बहुमत पुरतं. समोरच्या बाकावरच्यांची मनधरणी करायची गरजच उरलेली नाही.

– एक वाचक, ठाणे