सुभद्रेला झोप लागली, त्यात तिची काय चूक?

ई अँड टीसीच्या मुलाने गरोदरपणावर लिहायचं म्हणजे हॉस्टेलवर आठवडाभर चेष्टा ठरलेली. होऊ दे! (त्यात मी कॉन्व्हेंटचा, तेव्हा शुद्धलेखन संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

माझी ताई मांजरीला राहते, सातवा महिना चालू आहे. रविवारी रात्री मेस बंद, म्हणून मी तिच्याकडे जेवायला जातो. घरात गर्भसंस्काराची जोरदार तयारी आहे. डॉ. बालाजी तांबे यांचं जाडजूड पुस्तक, मंत्र, आणि चक्क पोटाला लावायचे हेडफोन!

मला शंका आली ती हेडफोनची. पोटाची भिंत आणि आतलं पाणी म्हणजे सरळ लो-पास फिल्टर. बाहेरचे उंच स्वर बरेचसे अडतात. आईचा आवाज मात्र तिच्या शरीरातूनच आत पोचतो. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांना चोखणी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज, दुसऱ्या लयीत परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज मिळेल अशीच लय धरली! म्हणजे ताई दूधवाल्याशी हिशोबावरून भांडते, तेही आत नोंदलं जात असणार.

पण राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मागच्या वर्षी तिसऱ्या महिन्यात ताईचं मिसकॅरेज झालं. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "टेन्शन घेतलंस गं, नोकरीची दगदग केलीस." ताई मान खाली घालून ऐकायची. सुरुवातीच्या महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, हे तिला कोणीच सांगितलं नाही. यावेळी पाचवा महिना लागेपर्यंत ती पोटावर हातसुद्धा ठेवत नव्हती. जीव लावायचीच भीती!

खोड जुनीच आहे. म्हणे सुभद्रेला झोप लागली म्हणून अभिमन्यू चक्रव्यूहात अडकला. द्रोणपर्वात अभिमन्यू स्वतः सांगतो की वडिलांनी आत शिरायला शिकवलं, बाहेर पडायला नाही. म्हणजे सिलॅबस अर्जुनाने अर्धवट सोडला आणि केटी लागली सुभद्रेला! संस्कार करायचेच तर आधी घरच्यांवर करा. भांडी घासा, तिला झोपू द्या.

असो. गेल्या रविवारी ताईने हेडफोन काढून ठेवले आणि माझ्या व्हायवाची चौकशी केली. माझी कशी उडाली ते सांगत होतो. ती खो-खो हसली, मग एकदम पोटावर हात ठेवून म्हणाली, "थांब... हलतंय बघ."