स्टेशन श्रीरामपुरात, नाव बेलापूर. तिकीट काढताना काय पाहाल?

रेल्वेने श्रीरामपूरला यायचे म्हणून ॲपमध्ये ‘श्रीरामपूर’ शोधले, तर पश्चिम बंगालमधले स्टेशन समोर येऊ शकते. आपल्या श्रीरामपूर शहरातील स्टेशनचे नाव ‘बेलापूर’, कोड बीएपी. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, तेव्हा स्टेशनला प्रवराकाठच्या बेलापूरचे नाव मिळाले. श्रीरामपूर शहर नंतर स्टेशनभोवती वाढले; पाटी मात्र बदलली नाही. नवी मुंबईचे सीबीडी बेलापूर वेगळेच. त्यामुळे पाहुण्यांना नावाबरोबर कोडही कळवलेला बरा.

खरी गफलत होते जनरल तिकिटात. १९९ किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर तीन तासांत किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत, यातले जे नंतर असेल तोपर्यंत, प्रवास सुरू करावा लागतो. बाजाराला आलात म्हणून सकाळीच काढलेले तिकीट संध्याकाळी चालेलच असे नाही.

चितळी, पढेगाव, वांबोरी येथे बहुतेक एक्स्प्रेस थांबत नाहीत. पॅसेंजरने बेलापूर किंवा अहिल्यानगरला येऊन पुढे एक्स्प्रेस धरायची असेल, तर सुरुवातीलाच शेवटच्या स्टेशनपर्यंतचे एक्स्प्रेसचे तिकीट मागा. पॅसेंजरचे तिकीट एक्स्प्रेसला चालत नाही आणि गाडी बदलताना पुन्हा रांगेत उभे राहायला वेळ मिळेलच असे नाही. पुढची गाडी सुपरफास्ट असेल तर सेकंड क्लासला १५ रुपये अधिभार वेगळा. विनातिकीट सापडल्यास भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड. घरून निघण्यापूर्वी १३९ वर गाडीची वेळ विचारून घ्या.