घरातला समुद्र चोरीचा नको

वाशिमला समुद्र नाही. माझ्या बैठकीत मात्र खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यासाठी एकाने किनाऱ्यावरचं जिवंत प्रवाळ देऊ केलं. मी नकार दिला. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत वाघाबरोबर दगडी प्रवाळही आहे. मग बैठकीची शोभा चोरीची का असावी? कोरडा सच्छिद्र दगड पुरतो. त्याच्या छिद्रांत पाणी शुद्ध करणारे जिवाणू वाढतात. रचना आधी कागदावर काढा. दगड थेट तळाच्या काचेवर टेकवा, वाळू नंतर घाला. माझं उलट झालं: माशांनी वाळू उकरली, डोलारा कोसळला. काच पुसायला चार बोटं जागाही सोडा. समुद्र लुटून घर सजत नाही; पाया नीट घातला की सजतं.