वेगळी वजने, एकच तराजू

ठोसा, लाथ, कुस्तीचा डाव आणि गळ्याची पकड हे सारे एकाच लढतीत चालणारा ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’ हा खेळ आता आपल्या घरांतील मुलांच्या मोबाइलवर येऊन पोहोचला आहे. सगळ्या वजनगटांत मिळून सर्वश्रेष्ठ कोण, यावर ही मुले तावातावाने भांडतात. वडीलधाऱ्यांना हा वाद पोरकट वाटतो. पण त्यात न्यायाचा एक अवघड प्रश्न दडलेला आहे.

नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे ‘यूएफसी’ची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा वजनगट नव्हतेच. ब्राझीलच्या सुमारे ८० किलोंच्या रॉइस ग्रेसीने आपल्याहून जड प्रतिस्पर्ध्यांना शरण आणून ती जिंकली. पुढे त्याची विद्या सगळेच शिकले आणि वजनाचे पारडे पुन्हा जड झाले. १९९७ पासून गट आले. आज पुरुषांत ५६.७ किलोंच्या फ्लायवेटपासून १२०.२ किलोंच्या हेवीवेटपर्यंत आठ गट आहेत.

गट पडल्यावर तुलना संपायला हवी होती. झाले उलटेच. दोघांचे वजन सारखे मानले तर सरस कोण, ही ‘पाउंड फॉर पाउंड’ची कल्पना मुष्टियुद्धातून उसनी आली. २०१३ पासून यूएफसी पत्रकारांच्या मतांवर तशी यादी प्रसिद्ध करू लागली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पर्थ येथे या यादीतला पहिला अलेक्झांडर व्होल्कानोव्स्की आपला गट सोडून वरच्या गटात, दुसऱ्या क्रमांकाच्या इस्लाम मखाचेव्हशी लढला आणि गुणांवर हरला. तरीही यादीत पहिला तोच राहिला! धाकट्याने थोरल्याला जवळजवळ बरोबरीत रोखले, हा त्यामागचा हिशेब. शिवाय वजन होते आदल्या दिवशी. शरीरातले पाणी आटवून आलेला लढवय्या रात्रीतून कित्येक किलो परत कमावतो. म्हणजे मापही पक्के नाही.

बँकेत आम्ही शाखांचे क्रमांक लावत असू. ठेवींवर लावले तर मुंबईची शाखा पहिली, वाढीच्या टक्क्यांवर लावले तर तालुक्याची. दोन्ही आकडे खरे; काय मोजायचे ते आधी ठरवावे लागे. इथेही तसेच आहे. अपराजित कोण, असे विचारले तर २९ लढती जिंकून निवृत्त झालेला खबीब नुरमागोमेदोव्ह. दोन गटांतील विजेतेपदे पाहिली तर जॉन जोन्स. सलग विजेतेपद राखणे मोजले, तर ११ वेळा ते राखणारा फ्लायवेट डेमेट्रियस जॉन्सन.

या जॉन्सनची कथा बोलकी आहे. २०१७ मध्ये तो यादीत पहिला होता. पैसे मोजून त्याच्या लढती पाहणारे मात्र थोडेच. २०१८ मध्ये तो विजेतेपद हरला आणि त्याच वर्षी कंपनीने दुसऱ्या कंपनीच्या एका लढवय्याच्या बदल्यात त्याला देऊन टाकले. बाजाराने आकार पाहिला, यादीने कसब. खाशाबा जाधवांचे १९५२ चे हेलसिंकीतील पदकही ५७ किलोंच्या गटातलेच. वजनाची वेगळी पंगत मांडली नसती, तर त्या कसबाला पान मिळाले असते का?

म्हणून सदोष असली तरी ही यादी हवी. फक्त ती करणाऱ्यांनी आपले निकष उघड सांगावेत. आणि घरात मुले यावरून भांडत असतील, तर त्यांना गप्प करू नये. ‘तू नेमके काय मोजतो आहेस?’ एवढेच विचारावे.