अंगण खरेच वाकडे असेल तर?

गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरबद्दल कुणी कुरकुर केली की उत्तर ठरलेले असते: नाचता येईना, अंगण वाकडे. ते देणारे बहुधा अनुभवी असतात. त्यांनी त्याच सॉफ्टवेअरमध्ये दोन-चार गेम तडीस नेलेले असतात आणि त्यांच्या बोलण्यात तथ्यही असते. अर्धवट पडलेल्या गेमांची कारणे धुंडाळत बसले तर साधनापेक्षा परीक्षा, नोकरी आणि चक्क कंटाळा यांचाच वाटा मोठा निघेल. पण या म्हणीमुळे एक साधी शक्यता विचारातच घेतली जात नाही. अंगण खरोखर वाकडे असू शकते. ते कुणी, कोणत्या नाचासाठी सारवले होते हे पाहिले, तर समोरची तक्रार ही आळशाची सबब आहे की कारागिराचे निरीक्षण, हे ठरवता येते.

'आरपीजी मेकर'चेच पाहा. जपानच्या अ‍ॅस्की कंपनीने १९९२ साली पीसी-९८ संगणकासाठी काढलेल्या 'आरपीजी त्सुकूरु दान्ते ९८'पासून ही मालिका सर्वसाधारणपणे मोजली जाते. 'त्सुकूरु' म्हणजे बनवणे. प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेल्या माणसालाही गोष्ट सांगणारा गेम उभा करता यावा, हा तिचा हेतू. चौकोनी टाइल एकमेकींना जोडून गावाचा नकाशा करायचा, एखाद्या चौकोनात म्हातारा उभा करायचा, त्याच्याशी बोलले की कोणते वाक्य यावे ते लिहायचे आणि किल्ली मिळाली की एक स्विच चालू करायचा, म्हणजे दार उघडते. शाळकरी मुलालाही दुपारभरात एवढे जमते. या सोयीचे मोल कमी लेखू नये. ती नसती तर आज गेम करणाऱ्या कितीतरी लोकांनी पहिले पाऊलच टाकले नसते.

पण ही सोय आली कुठून? १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' नावाच्या गेमने जपानला वेड लावले होते. गावे, सराया, दुकाने, गुहा, मोजकी प्राणशक्ती, आळीपाळीने होणारी लढाई हा त्याचा साचा. आरपीजी मेकर म्हणजे तोच साचा, गोष्ट काढून घेतलेला. म्हणूनच त्याच्या पुढच्या काळातल्या आवृत्तीत नवा कोरा प्रकल्प उघडला तरी आत नायक, औषधाची बाटली आणि शत्रू म्हणून वटवाघूळ व चिकट गोळ्यासारखा स्लाइम आधीच हजर असतात. आपल्याला वाटते मोकळे मैदान मिळाले. प्रत्यक्षात मिळते ते दुसऱ्याच्या वाड्याचे जोते. भिंती आपण बांधायच्या खऱ्या, पण जोत्याच्या रेषेवर. माजघर जिथे होते तिथेच माजघर येणार.

यावर दोन गेमांचे दाखले हमखास दिले जातात. 'युमे निक्की' २००४ साली आरपीजी मेकर २००३ मध्ये तयार झाला. त्यात एक मुलगी स्वप्नांमधून नुसती हिंडते. 'टू द मून' हा २०११ चा गेम आरपीजी मेकर एक्सपीमध्ये केलेला. त्यात दोन डॉक्टर मरणपंथाला लागलेल्या माणसाच्या आठवणींत उतरतात. दोन्ही गाजले, दोन्ही आजही लोकांच्या मनात आहेत. म्हणजे साधन आड येत नाही, असा निष्कर्ष काढून चर्चा संपवली जाते. ही घाई आहे. या दोन्ही कर्त्यांनी काय केले ते नीट पाहिले तर दिसते की त्यांनी साच्यातली लढाईच काढून टाकली. चालणे, बोलणे, पाहणे या गोष्टी ते साधन उत्तम करत होते, तेवढ्या ठेवल्या. त्यांना हवे होते तेच नेमके जोत्यात बसत होते. ज्याला वेगळ्या प्रकारची लढाई हवी आहे, किंवा पावसाळी रानात पावलांचे ठसे मागे राहायला हवे आहेत, त्याला या दोन नावांचा काही उपयोग नाही.

शिवाय साधने दरवेळी पुढेच जातात असेही नाही. २००४ च्या एक्सपी आवृत्तीत नकाशाला तीन थर होते आणि टाइलचे हवे तितके संच वापरता येत. २००७ च्या अखेरीस व्हीएक्स आली ती संपूर्ण गेमसाठी टाइलचा एकच संच घेऊन. वाळवंटातले गाव, बर्फाचा डोंगर आणि जहाजाचा तळमजला, सारे एकाच पेटीतल्या तुकड्यांतून काढायचे. थरही कमी झाले. टेबलावर पुस्तक आणि पुस्तकावर दिवा ठेवायचा म्हणजे कसरत. नवशिक्याचा गोंधळ कमी होतो, हे यामागचे समर्थन पटण्यासारखे आहे, पण मुरलेल्या माणसाचे हात त्याने बांधले गेले. २०११ मध्ये व्हीएक्स एस आली आणि एकाहून अधिक संच परत आले. ज्यांनी मधली चार वर्षे तक्रार केली त्यांना नाचता येत नव्हते म्हणायचे का?

कलेला बंधने लागतातच, हा युक्तिवाद मराठी माणसाला निराळा समजावून द्यायला नको. पृथ्वी वृत्तात ओळीला सतरा अक्षरे, आठव्या अक्षरावर यती. कवी ते मोजून घेतो, कारण त्याने वृत्त स्वतः निवडलेले असते आणि नियम पहिल्या ओळीआधीच ठाऊक असतो. गेमच्या जगात याच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू म्हणजे 'पिको-८'. १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचा पडदा, १६ रंग, आवाजाच्या चार वाहिन्या आणि कोडसाठी ८१९२ टोकनांची मर्यादा. लपवाछपवी नाही. 'सेलेस्त' हा २०१८ मध्ये गाजलेला गेम आधी याच चिमुकल्या पडद्यासाठी चार दिवसांत केला होता. पिको-८ वापरणारे लोक मर्यादांवर चिडत नाहीत, त्या मिरवतात. व्हीएक्सच्या टाइलपेटीचे तसे नव्हते. ती मर्यादा निम्मा गेम झाल्यावर भेटत असे, तिसऱ्या-चौथ्या नकाशाशी. वृत्ताची आणि अडथळ्याची गल्लत इथेच होते.

मग वैतागलेल्या माणसाने करायचे काय? एक्सपीने याचे एक उत्तर दिले होते. तिच्या पोटातली लढाई, मेनू, संवादाची चौकट हे सारे रूबी भाषेत लिहिलेले होते आणि ते उघडून बदलता येत असे. सोप्या दारातून आत आलेला मुलगा हळूहळू मागच्या दाराने यंत्रघरात शिरू शके. २०१५ च्या एमव्ही आवृत्तीत रूबीच्या जागी जावास्क्रिप्ट आली, मागचे दार कायम राहिले. 'बाबा इज यू' हा २०१९ चा कोड्यांचा गेम 'मल्टिमीडिया फ्यूजन २' या माउसने घटना जोडत जायच्या साधनात झाला आहे, हे कळल्यावर अनेकांना आश्चर्य वाटते. त्यात गेमचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांच्या रूपात पडद्यावर पडलेले असतात आणि खेळणारा ते ढकलून बदलतो. त्या साधनाच्या सुट्या घटनांवरच कर्ता थांबला नाही. त्याने त्याला लुआ भाषेची जोड दिली. जोते हलवता येत नसेल, पण त्यात झडप ठेवलेली असेल तर फार फरक पडतो.

इथवरची कहाणी दूरच्या लोकांची वाटत असेल, तर वाचकाने एखाद्या गेम इंजिनमध्ये 'किल्ला' हा शब्द लिहून पाहावा. संगणकाच्या नोंदीत 'कि' लिहिताना आधी क येतो आणि मागून पहिली वेलांटी. डोळ्यांना मात्र वेलांटी क च्या अलीकडे दिसायला हवी. ल ला ल जोडला की जोडाक्षर व्हायला हवे, रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसायला हवा. ही उलथापालथ करणारा एक स्वतंत्र टप्पा लागतो, त्याला तंत्रज्ञ शेपिंग म्हणतात. इंग्रजीपुरते पाहिले तर त्याच्यावाचून अडत नाही. एका अक्षराचे एक चित्र, चित्राशेजारी चित्र ठेवले की काम भागले. अनेक इंजिनांतला मजकुराचा भाग याच समजुतीवर रचला गेला. युनिटी या इंजिनात वर्षानुवर्षे वापरली जाणारी 'टेक्स्टमेश प्रो' त्यातलीच. तिच्यात वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरे पाय मोडून रांगेत उभी राहतात. मग काहीजण कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांकडे वळतात, ज्यांत रोमन कळांच्या मागे देवनागरीचे तुकडे लपवलेले असतात. ज्या खटाटोपातून मराठी छपाई युनिकोडमुळे बाहेर पडू लागली, तोच गेमवाल्यांच्या नशिबी पुन्हा आला.

आरपीजी मेकर एमव्हीतला प्रकार तर अभ्यासण्यासारखा आहे. हे सॉफ्टवेअर आतून ब्राउझरच्या तंत्रावर चालते आणि ब्राउझरला देवनागरी उत्तम जमते. तरीही संवादाच्या चौकटीत मराठी मोडते. का? कारण पात्र बोलताना अक्षरे टंकयंत्रासारखी टपटप उमटावीत म्हणून ती चौकट वाक्याचे तुकडे करून एकेक चिन्ह स्वतंत्रपणे काढायला देते. आधी क, मग एकटी वेलांटी. ब्राउझर बिचारा जोडणार काय? त्याच गेममध्ये पिशवीतल्या वस्तूंची नावे अख्खी एकदम काढली जातात, त्यामुळे तिथे 'किल्ली' बरोबर दिसते आणि तिच्याबद्दल बोलणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडी ती मोडते. यंत्राची कुवत इथे पुरेशी आहे. आड येते ती 'एक चिन्ह म्हणजे एक अक्षर' ही कुणीतरी, बहुधा न विचार करता, धरलेली समजूत. नायकाचे नाव विचारणाऱ्या पडद्यावरही तेच: चौकटीत सुट्या अक्षरांचा तक्ता. त्यात 'शर्मिष्ठा' कशी लिहायची?

याचे निदान झाले म्हणूनच उपायही सापडतो. एमव्हीचा कोड उघडा असल्याने संवादाची चौकट चिन्हांऐवजी पूर्ण अक्षरे मोजेल असा प्लगइन लिहिता येतो. अर्जेंटिनात जन्मलेले गोडो हे इंजिन २०१४ पासून मुक्तस्रोत आहे. त्याच्या मार्च २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत मजकुराची यंत्रणा नव्याने लिहून त्यात शेपिंग करणारे 'हार्फबझ' बसवण्यात आले. फायरफॉक्स आणि क्रोममध्ये मराठी नीट दिसते ती याच्याच जोरावर. नाव फारसी आहे, हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडे. मात्र मुक्तस्रोत म्हटले की सारे आपोआप होते असा समज नको. २०१४ ते २०२३ ही नऊ वर्षे गोडोतही मराठी मोडकीच दिसत होती. दार उघडे असणे वेगळे आणि त्यातून कुणी आत जाऊन काम करणे वेगळे.

एक मर्यादा मात्र कोडमध्ये नसतेच. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने जाहीर केले की ठरावीक कमाई आणि डाउनलोड ओलांडलेल्या गेमांना यापुढे प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क पडेल. आधीच बाजारात असलेले गेमही यात येणार होते. गदारोळ झाला, दहा दिवसांत अटी सैल झाल्या, ऑक्टोबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले आणि पुढच्या सप्टेंबरात हे शुल्कच रद्द झाले. टाइलच्या संचाभोवती वळसा घालता येतो. घरमालकाने भाडे बदलले तर वळसा कुठून घालणार?

आमच्या मते तक्रारीला हिणवण्यापेक्षा ती नेमकी करायला शिकवणे जास्त उपयोगाचे. 'हे इंजिन टुकार आहे' याचे कुणी काही करू शकत नाही. 'संवादाची चौकट अख्खा शब्द न घेता चिन्हे सुटी काढते' हे वाक्य वाचून जगाच्या दुसऱ्या टोकाचा माणूससुद्धा संध्याकाळपर्यंत दुरुस्ती पाठवू शकतो. त्यासाठी आधी काय मोडते आहे ते दिसायला हवे, आणि ते लवकर दिसायला हवे. मराठीत गेम करू पाहणाऱ्याने पहिल्या दिवशी नायकाच्या शेल्यावर रंग चढवत बसू नये. संवादाच्या चौकटीत 'दऱ्याखोऱ्यांतल्या किल्ल्यावर सूर्य मावळला' एवढे लिहावे आणि अक्षरे एकेक करून उमटू द्यावीत. वेलांटी कुठे बसते ते पाहावे, 'ल्ल्या' जुळतो का पाहावे. आणि 'सूर्य'मधला रफार व 'दऱ्या'तला आडवा र वेगळे दिसतात ना, हे डोळे बारीक करून पाहावे. हिंदीचे दुसऱ्यावाचून अडत नाही, त्यामुळे हिंदी समोर ठेवून केलेल्या दुरुस्तीत तो कुणी तपासला असेलच असे नाही.